कोणाला, कोणाकडून, कोणतं गाणं

विलासभाऊ, चौकात तुमचा मोठा फ्लेक्स लागलाय. मंडळाच्या पोरांनी लावलाय. फोटो तुम्हाला आवडला नसता. त्यात तुमच्या अंगावर कोट आहे आणि तो कोट फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर चढवलाय हे लांबूनही कळतं. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली तुमचं नाव आणि नावाच्या आधी 'कै.'

एसटीतून उतरले तर समोर हेच. बॅग खांद्यावर तशीच ठेवून मी त्या 'कै.'कडे बघत उभी राहिले आणि मला हसू आलं. भर चौकात, उन्हात, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सखाली एक बाई एकटीच हसतेय हे पानटपरीवाल्यालाही बरं दिसलं नसावं. मग तिथंच रडूही आलं. वहिनींचा फोन आला तेव्हा मुंबईत मी रडले नव्हते, नुसती 'हो, हो' करत राहिले होते. वीसेक वर्षांपूर्वी हीच चूक मी केली होती, ही गोष्ट तुम्ही, मी आणि तुमच्या घरी सुमनवहिनी सोडून कुणाच्या लक्षातही नसेल. आता त्यातलेही तुम्ही वजा झालात.

त्या चुकीकडे मी येणारच आहे. पण मला दुसरंच सांगायचंय आणि ते तुम्ही असताना सांगता आलं नाही. तुम्ही नेहमी म्हणायचात की मंगल फोनवर गाडी सुटल्यासारखी बोलते. आज सावकाश बोलते. तुम्हाला माहीत असलेलंही पुन्हा सांगते. ऐकून घ्या.

तुमची माझी ओळख तुम्हाला बघण्याआधी झाली होती. मी सातवीत होते, जामखेडात मुलींच्या वसतिगृहात. दसरा झाला की आई आणि दादा, माझे वडील, ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जायचे आणि पाडव्याच्या सुमाराला परतायचे. वसतिगृहाच्या हॉलमध्ये एक टीव्ही होता. रविवारी दुपारी दोन तास तो आमचा असायचा आणि त्या दोन तासांत तुमच्या केबलवर जामखेडचं स्वतःचं चॅनेल लागायचं. फर्माईशीची गाणी. वर गाणं चालायचं, खाली पट्टी सरकायची. अमक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, अमक्याकडून. आम्ही पोरी गाणी बघायचो, पट्टी कोण वाचतंय!

एका रविवारी पट्टीवर आलं, 'मंगलला, आईकडून.'

पुढे आमच्या गावाचं नाव होतं, म्हणजे दुसरी कुठली मंगल नव्हे. पोरींनी एकच गलका केला. स्वयंपाकाच्या मावशी हात पुसत बाहेर आल्या. पडद्यावर कोण नाचत होतं, कोण गात होतं, मला आजही सांगता येणार नाही. मी फक्त खालची पट्टी बघत होते. माझं नाव उजवीकडून यायचं, डावीकडे जायचं, परत यायचं. गाणं काही केल्या संपेना. इतर गाणी चार-पाच मिनिटांत आटपायची, हे चाललंय आपलं चाललंय. त्या दुपारी मला आईची आठवण आली नाही, कारण ती तिथंच होती.

आईला लिहिता येत नाही. तुम्हीच नंतर सांगितलंत. ऊसतोडीचा ट्रॅक्टर सुटायच्या आदल्या दिवशी ती तुमच्या दुकानात आली होती. "म्हनली, माझी लेक हॉस्टेलात हाय, तिचं नाव टीव्हीवर काढता का? म्हनलं, काढतो की मावशी, गानं कंचं लावू? म्हनली, कंचं बी लावा, पर लांबलचक लावा. तेवढा येळ नाव ऱ्हाईल."

तुम्ही ती चिठ्ठी लिहून घेतली आणि तिच्यावर पुढचा एक रविवार टाकून ठेवलात. त्या वर्षी अजून चारसहा बायांनी तेच केलं. पुढच्या वर्षी तर निघायच्या आधी तुमच्या दुकानापुढे रांग लागायला लागली. कुणाला म्हाताऱ्या आईसाठी पाहिजे, कुणाला बहिणीकडे ठेवलेल्या लेकरासाठी. सगळ्यांची मागणी एकच, लांब गाणं लावा. मग तुम्ही लांब गाण्यांच्या सीडी एका वेगळ्या डब्यात ठेवल्यात. तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यावर तुमच्या अक्षरात 'लांब' लिहिलं होतं. दुकानात आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, त्यात लांबून आलेली बिस्किटं आहेत.

बारावीनंतर मी टायपिंगच्या क्लासला जात होते आणि तुम्ही पट्टीसाठी कॉम्प्युटर घेऊन बसला होतात. एका बोटाने 'हार्दिक' लिहायला तुम्हाला चहा गार होईपर्यंत वेळ लागायचा. मला बघून तुम्ही म्हणालात, "ये बाई. तुझ्या आईचं लई गानं वाजवलंय, आता फेड." दुकानामागची ती खोली, दोन सीडीची यंत्रं, वायरींचं जाळं आणि एकच पंखा. तो पंखा यंत्रांकडे तोंड करून. मी घामाघूम व्हायचे आणि तुम्ही म्हणायचात, "मानूस घाम पुसतं, मशीनला पुसता येत न्हाई." सहा महिने मी त्या खोलीला शिव्या दिल्या. नंतर मुंबईत थंडगार खोल्यांत बसले आणि तिथं मला घाम फुटला, ते वेगळं.

तुमच्या चिठ्ठीवर तीन ओळी छापलेल्या असायच्या. कोणाला. कोणाकडून. कोणतं गाणं. गाणं शेवटी, आणि ती ओळ रिकामी असली तरी चालायचं. वरच्या दोन ओळी मात्र भरलेल्याच पाहिजेत. एखाद्याने मोठ्या ऐटीत 'एक चाहता' म्हणून चिठ्ठी दिली की तुम्ही ती त्याच्यासमोर परत सरकवायचात. "चाहता म्हंजे कोन? नाव लिव्ह. निनावी फर्माईश लागत न्हाई."

मला ती तुमची खोड वाटायची. एकदा मी तुमच्याशी वाद घातला की नाव लिहायला लाजतात म्हणून कितीतरी गाणी मागितली जात नाहीत. तेव्हा तुम्ही यंत्र थांबवलंत आणि पहिल्या वर्षीची गोष्ट सांगितलीत. कुणीतरी एका शाळेतल्या मुलीच्या नावाने गाणं मागितलं होतं, खाली स्वतःचं नाव न टाकता. तुम्ही लावलंत. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी शाळेत आली नाही. तुम्ही तिच्या घरी गेलात, तिच्या वडिलांच्या हातापाया पडलात, चूक माझी आहे म्हणालात. ते म्हणाले, चूक तुमची असेल, पण चिठ्ठी कोणाची ते नाव सांगा. तुमच्याकडे नाव नव्हतं. "ज्यानं केलं त्याचं नाव न्हाई, म्हनून जिनं काय केलं न्हाई तिच्या नावावर गेलं," तुम्ही म्हणालात. परत कधी तुम्ही तो विषय काढला नाहीत, मीही काढला नाही. तुमचा नियम मात्र मला तेव्हापासून पाठ आहे. माझी लाज मी शेवटी सांगते, पण ती याच नियमाशी जोडलेली आहे.

आता 'कै.'ची गोष्ट. एक गृहस्थ वडिलांच्या स्मृतिदिनाची चिठ्ठी देऊन गेले. तुम्ही कुठं तुटलेली लाइन जोडायला खांबावर चढला होतात. मी टाइप केलं, 'कै.' आणि पुढे नाव. मला दुसरं काही लिहितात हेच माहीत नव्हतं. आमच्या गावात मेलेला प्रत्येक माणूस कै. असतो. दुपारी ते गृहस्थ परत आले. आवाज चढवला नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ताई, माझा बाप कैलासात कवा गेला? त्यो तर बाबासाहेबांच्या मागं गेल्ता. छप्पनला आमच्या आज्यानं समदं सोडलं, आन तुमी एका दिवसात परत तिकडं धाडलं व्हय?"

तेवढ्यात तुम्ही आलात, खांद्यावर वायरचं वेटोळं. तुम्हीही त्याच समाजातले, आता आपल्याला हाकलणार असं मला वाटलं. तुम्ही त्या गृहस्थांना चहा सांगितलात, पट्टी थांबवलीत आणि मला एकेक अक्षर सांगितलंत. का, ल, क, थि, त. कालकथित. मी विचारलं, म्हणजे काय? "काळ झाला, एवढंच. म्होरं कुठं गेला ते आपल्याला म्हाईत न्हाई. म्हाईत न्हाई ते कशाला लिवायचं?" तुम्ही त्या वडिलांची पट्टी परत चालवलीत, सगळ्यात लांब गाण्यावर. आणि मला एवढंच म्हणालात की नावाच्या आधी जे लावायचं ते घरच्यांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. घरी जाऊन वहिनींना मात्र सांगितलंत. पुढे कितीतरी वर्षं, मी आले की वहिनी म्हणायच्या, "आली का कैलासवाली."

भाऊ, मला पुण्याला शिकायला तुम्ही पाठवलंत. आईला समजावायला तुम्ही कोपीवर गेलात, उसाच्या फडाशेजारच्या त्या पाचटाच्या झोपडीत मांडी घालून बसलात आणि म्हणालात की पोरगी टीव्हीत जाईल. आईला वाटलं, पडद्यावर. तिने विचारलं, "नाचायला लागंल का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई मावशी, ती दुसऱ्यांना नाचवंल." ते फार खरं झालं.

मुंबईत गाण्यांच्या एका मोठ्या चॅनेलवर मला नोकरी लागली तेव्हा जामखेडच्या पट्टीवर तुम्ही लिहिलंत, 'आपल्या मंगलला, समस्त जामखेडकरांकडून.' समस्त जामखेडकरांना विचारलं होतंत का, असं मी फोनवर म्हटलं. आमचं चॅनेल तुम्ही गावात एक नंबरच्या बटणावर आणून ठेवलंत. दुपारचा गाण्यांचा तास माझ्याकडे आला. देशभरातून पत्रं यायची, मी निवडायचे, गाणी लागायची. आई गावात असली की ज्याच्या घरी टीव्ही असेल तिथं जाऊन बसायची आणि सांगायची, हे गाणं माझ्या लेकीनं लावलंय.

आणि मग एका सोमवारी दुपारी ती गाणी लागली नाहीत.

तुमचा फोन मला संध्याकाळी आला. तुम्ही दमलेले होतात. म्हणालात, "मंगे, आज गानी दिसली न्हाईत. एका घरात पोरं पोरी भांडत्यात तेच दिसतंय. मला वाटलं डिश हालली." चैत्राच्या उन्हात तुम्ही गच्चीवर चढला होतात. अर्धा तास डिश इकडे फिरवलीत, तिकडे फिरवलीत. खालून वहिनी ओरडून सांगत होत्या, "अजून भांडत्यातच!" तुम्ही रिसिव्हर बदललात, वायर बदललीत, शेजारच्या गावच्या केबलवाल्याला विचारलंत. त्याच्याकडेही भांडतच होते. "तुमच्याकडंच बिघाड हाय का काय?" तुम्ही मला विचारलंत.

मी म्हणाले, "बिघाड नाही भाऊ. वरून निर्णय आला."

"वरून म्हंजे? सॅटेलाइटवरून?"

मी हसले. तुम्हीही हसलात. ते हसणं माझ्या कानात अजून आहे, कारण त्या हसण्याच्या आड मी लपले.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं आणि ते पंधरा वर्षं चाललं. मी तुम्हाला कारणं सांगायचे. सगळी खरी होती. एक गाणं संपलं की लोक बटण दाबून दुसरीकडे जातात, भांडण लावलं की पुढं काय होतंय म्हणून अर्धा तास बसतात. जाहिरातवाल्याला बसून राहणारा माणूस पाहिजे. पूर्वी गाण्यांच्या कंपन्या कॅसेट घेऊन आमच्या दारात उभ्या राहायच्या, आमचं गाणं दाखवा म्हणायच्या, आता त्याच कंपन्या गाणं वाजेल त्या प्रत्येक वेळेचा मोबदला मागतात. भांडण आम्ही स्वतः तयार करतो, त्याचे मालक आम्हीच. आणि शेवटी मोबाईल. गाणं ज्याच्या त्याच्या खिशात आलं, आमची वाट कोण बघणार?

"मोबाईलचं सांगू नको," तुम्ही म्हणायचात. "मोबाईल मागनं आला. तुमी गानी बंद केली तवा माझ्याकडं बटनाचा फोन हुता. त्याच्यात साप फिरायचा, गानं न्हाई."

ते खरंच होतं. आम्ही घर सोडलं आणि नंतर चोर आला म्हणून ओरडलो.

"तुमच्या चॅनेलवर गानं लागायचं ते कुनासाठी?" तुम्ही एकदा विचारलंत. मी म्हणाले, सगळ्यांसाठी. "मंग त्येच चुकलं. सगळ्यांसाठी लावलेलं गानं मानूस अर्ध्यात सोडून जातं. तुझं नाव पट्टीवर हुतं तवा तू उठली का मधीच?"

भाऊ, यावर मी तुमच्याशी आजही भांडेन. तुमचं अर्धंच बरोबर होतं. जामखेडात नाव लिहिलं की अख्खा वाडा ओळखतो. देशभराच्या पट्टीवर मंगल लिहिलं तर कोणती मंगल? नावं लिहूनही आमची गाणी टिकली नसती. तुम्ही सीडी बदलत होतात तोपर्यंत ते एकमेकांना ओळखणारं गाव टिकलं, पुढे तुमच्या चॅनेलवरच्या चिठ्ठ्याही कमी झाल्याच की. डिजिटलचे डबे आले, लोक स्टेटसला गाणं ठेवायला लागले, आता ऊसतोडीला गेलेली बाई फडातूनच लेकीला व्हिडिओ कॉल करते. तिला तुमची चिठ्ठी कशाला लागेल? आणि ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या आईला तेव्हा तो फोन मिळाला असता तर तिने तुमच्या दुकानाची पायरीही चढली नसती. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणाले असते तर तुम्ही म्हणाला असता, "चढली नसती, मंग तू बी इथवर आली नसतीस." आणि वाद तिथंच अडला असता, नेहमीसारखा.

आईचं मत तुमच्यापेक्षा थोडक्यात होतं. आमचा तो नवा कार्यक्रम तिने दोन दिवस बघितला आणि म्हणाली, "भांडनं तर कोपीवर रोज हुत्यात. त्याला टीव्ही कशाला पायजे?"

पण प्रत्येक वादाच्या शेवटी तुम्ही एक प्रश्न विचारायचात. कारणं सगळी ऐकून घ्यायचात, मान डोलवायचात आणि मग म्हणायचात, "ते समदं ठीक हाय. पर बंद कुनी केली?"

"वरच्यांनी."

"वरच्यांचं नाव काय?"

मी हसायचे. विषय बदलायचे. दर दिवाळीला तुम्ही हे विचारायचात. घरात ती एक गंमत होऊन बसली होती. वहिनी चिवड्याची ताटली पुढे करत म्हणायच्या, "सांगून टाक बाई त्यांना एकदाचं नाव, म्हंजे गप बसतील."

नाव माझं होतं, भाऊ.

त्या बैठकीत आम्ही आठ जण होतो. पुढ्यात आकड्यांचे कागद होते, कोणत्या मिनिटाला किती लोक उठून गेले त्याचे. दुपारच्या तासाचं काय करायचं, साहेबांनी विचारलं. बाकीचे माझ्याकडे बघत होते, कारण तास माझा होता. मी त्याच्या बाजूने बोलले असते तर तो अजून सहा महिने, वर्षभर चालला असता. शेवटी बंद झालाच असता, हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय. पण मी बोलले नाही. उलट मीच म्हणाले, गाण्यांच्या जागी आठवडाभर भांडण लावून बघू. कुणी माझा हात धरला नव्हता. मला वर जायचं होतं, आणि गाण्यांच्या तासाला चिकटून बसलेली बाई म्हणून मागे राहायचं नव्हतं. दोन पानांचा प्रस्ताव मी लिहिला. 'प्रेक्षक गाण्यासाठी थांबत नाही' हे वाक्य माझं आहे. ते लिहिताना मला वसतिगृहाचा हॉल आठवला होता. आठवूनही लिहिलं.

आणि खाली मी माझं नाव घातलं नाही. विभागाचं नाव घातलं. तुमच्या तालमीत वाढलेल्या मुलीने निनावी चिठ्ठी दिली. पुढच्या महिन्यात मला स्वतंत्र केबिन मिळाली. तुम्ही पट्टीवर अभिनंदन लावलंत.

तुम्हाला माहीत होतं का? हा एक प्रश्न मला नऊ दिवस झोपू देत नाहीये. तुम्ही इतकी वर्षं सहज विचारत होतात, का मला वाट करून देत होतात? गेल्या दिवाळीला आपण दोघंच दुकानात होतो. तुम्ही तो पत्र्याचा डबा काढलात, वरची धूळ शर्टाने पुसलीत. आतल्या सीडी आता कुठल्या यंत्रात चालतही नव्हत्या, तुम्ही त्यातली गाणी केव्हाच कॉम्प्युटरवर घेतली होतीत. तरी डबा ठेवला होतात. तुम्ही विचारलंत, "मंगे, वरच्यांचं नाव काय?" त्या दिवशी तुम्ही हसला नव्हतात. माझ्या ओठावर आलं होतं. दुकानात सेट-टॉप बॉक्सची तक्रार घेऊन कुणीतरी आलं, तुम्ही उठलात, आणि मी मनातल्या मनात त्या माणसाचे आभार मानले. त्या आभारांची मला आता इतकी चीड येते की सांगता येत नाही. पुढच्या दिवाळीला सांगू म्हटलं. तुम्ही काही पुढच्या दिवाळीपर्यंत थांबला नाहीत.

काल तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं मांडवात मावली नाहीत. वंदना झाली, लोक तुमच्याबद्दल बोलले. ज्यांना तुम्ही मोबदला न घेता केबल जोडून दिली होती तेही बोलले आणि ज्यांची लाइन तुम्ही कापली होती तेही. माझी आई आली होती. तिला बोलायला सांगितलं तर ती उभी राहिली, म्हणाली, "लांब गानं लावायचा," आणि खाली बसली. मी बोलले नाही. वहिनींनी दोनदा खूण केली, मी नकाराची मान हलवली.

जेवणं झाल्यावर वहिनींनी मला मागच्या खोलीत नेलं. चॅनेल अजून चालू आहे, भाऊ. तुमचा पुतण्या दुकानांच्या जाहिराती लावतो, अधूनमधून गाणी लावतो. पंखा तसाच आहे, यंत्रांकडे तोंड करून. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या नावाची पट्टी काढायची हाय. दुसऱ्या कुनाकडून न्हाई, तू टाइप कर." आणि छापील चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक माझ्यापुढे ठेवली. कडा पिवळ्या पडलेल्या, ओळी त्याच तीन.

मी तुमचा नियम पाळला. विचारलं, "वहिनी, नावाच्या आधी काय लावू?"

वहिनींनी डोळ्याला पदर लावला, पण आवाज तोच. "बाहेर पोरांनी कै. लावलंय. ऱ्हाऊ द्या म्हनलं, मायेनं लावलंय. तू तरी नीट लिव्ह, कैलासवाले."

कोणाला? कालकथित विलासभाऊ. का, ल, क, थि, त. एकेक अक्षर तुम्ही सांगितलं तसं.

कोणतं गाणं? 'लांब' असं लिहिलेलं फोल्डर कॉम्प्युटरवर सापडलं. तुम्ही त्यालाही तेच नाव दिलं होतंत. त्यातलं सगळ्यात लांब निवडलं. कोणतं ते सांगत नाही, ती ओळ रिकामी राहिली तरी चालते.

मधली ओळ राहिली. 'समस्त जामखेडकरांकडून' लिहिलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. पुतण्यालाही तेच अपेक्षित होतं. मग मी टाइप केलं. माझं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'दुपारची गाणी जिने बंद केली, तिच्याकडून.'

वहिनींनी खांद्यावरून वाकून वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढला नाही. मग त्यांनीच बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. खाली पट्टी निघाली. तुमचं नाव उजवीकडून आलं, मागून माझं आलं, दोन्ही डावीकडे गेली आणि परत आली. गाणं अर्ध्यावर असेल, तोच टेबलावरचा फोन वाजला. गावातल्या कुणी मावशी होत्या. म्हणाल्या, "अगं पोरी, विलासभाऊंच्या पट्टीत कायतरी चुकलंय बघ. भलतंच आलंय. घरच्यांनी बघायच्या आत नीट कर."

मी म्हणाले, "न्हाई मावशी, चुकलं न्हाई. बरोबर हाय. ते नाव माझंच हाय."